ड्रॉवरमधली अर्धी ट्यूब

प्रत्येक घरात एक ड्रॉवर असा असतोच. संपलेले सेल, कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या, एखादी मोजपट्टी आणि अर्ध्या वापरलेल्या औषधांच्या ट्यूबा. आमचा तो ड्रॉवर जरा अडकतो, ओढताना आधी कुरकुरतो आणि मग एकदम खाडकन बाहेर येतो. त्यात मागच्या वर्षीची डोळ्यात घालायची ट्यूब होती, मधेच दाबून चपटी झालेली, टोपणाला चीर गेलेली, आणि हातात घेतल्यावर मला काय आनंद झाला म्हणून सांगू, चला, डॉक्टरकडची एक चक्कर वाचली.

झालं होतं असं की सकाळी उठले तर ठमी डावा डोळा अर्धा मिटून बसलेली. ठमी म्हणजे आमची कुत्री, नाक बसकं, डोळे बटाट्यासारखे बाहेर, जात कुठली ते विचारू नका कारण ते तिच्या आईलाही माहीत नसावं. डोळ्याला चिपडं आलेली, पांढरं लाल झालेलं, आणि मधूनच पंजा डोळ्यावरून फिरवतेय. मी म्हटलं डोळे आले असणार. मराठीत हे एक बरं आहे, डोळा लाल दिसला की 'डोळे आले' म्हणायचं, झालं निदान. कुठून आले, कशाने आले, काही विचारायचं काम नाही.

मागच्या वर्षी याच ठमीच्या पापण्या सुजल्या होत्या, अ‍ॅलर्जीचं काहीतरी होतं, तेव्हा हीच ट्यूब दिली होती आणि दोन-तीन दिवसांत डोळा लख्ख. म्हणजे औषध तेच, कुत्री तीच, डोळाही बहुतेक तोच. आई म्हणाली, "अगं डोळा आहे तो, आधी दाखवून ये." मी म्हटलं, "आई, त्यांनीच दिलेलं औषध आहे, परत जाऊन काय वेगळं देणारेत." आई गप्प बसली. ती गप्प बसली की समजायचं असतं, पण ते मला नेहमी नंतर समजतं.

दोन दिवस मी दिवसातून तीनदा ते मलम घातलं. आणि खरं सांगते, लाली उतरली. मी तर ठमीचा चेहरा दोन्ही हातांत धरून आईला दाखवलासुद्धा, बघ म्हणून. एक गोष्ट मात्र मला दिसत होती आणि मी बघत नव्हते. डोळा गोरा झाला होता पण उघडत नव्हता. उजेडाकडे तोंड केलं की मिटायची, अंधारात बरी असायची. लाल डोळा आपल्याला घाबरवतो, मिटलेला नाही, आपल्याला वाटतं झोप आली असेल बिचारीला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती खिडकीपाशी बसली होती आणि उजेड बाजूने येत होता. चांगल्या डोळ्यावर खिडकीची चौकट कशी आरशात दिसावी तशी स्वच्छ उमटते, चार रेघा, सरळ. डाव्या डोळ्यात ती चौकट एका जागी मोडलेली होती. तिथे आरशावर वाफ धरावी तसा निळसर करडा ठिपका. मी बोटाने पापणी वर केली, वाटलं काही चिकटलंय, पुसलं जाईल. ते वर नव्हतं, आत होतं. पोटात गोळा आला. लहानपणी मोठी माणसं म्हणायची अमक्याच्या डोळ्यात फूल पडलंय, आणि मला तेव्हा ते फार सुंदर काहीतरी वाटायचं.

डॉक्टरांनी आधी डोळ्याला हातच लावला नाही. लांबून बघत बसले, ठमी किती उघडते, कुठे वळते, दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का. मग कागदाची एक बारीक पट्टी खालच्या पापणीत अडकवली आणि घड्याळ लावून एक मिनिट थांबले, पट्टी किती मिलिमीटर भिजते ते बघायला. ती म्हणजे अश्रूंची मोजणी. कुत्र्यात मिनिटाला 15 किंवा वर आलं तर ठीक, 10 च्या खाली आलं की डोळा कोरडा पडतोय असा संशय घ्यायचा. ठमीचं 17 आलं. हे आधी का करायचं तर नंतर डोळ्यात पाणी, रंग, भुलीचे थेंब गेले की मोजणीला अर्थ राहत नाही.

मग दुसरी पट्टी निघाली, केशरी रंगाची. ती सलाइनच्या थेंबाने ओली केली, डोळ्याच्या पांढऱ्याला जरासा स्पर्श, ठमीने एकदा डोळा मिचकावला, वर सलाइन सोडून जास्तीचा रंग धुतला आणि खोलीतला दिवा बंद. निळा टॉर्च लावल्याबरोबर तो ठिपका हिरवा पेटला. काडीपेटीतल्या काडीच्या गुलाएवढा, पण असा हिरवा की मी खुर्चीतून उठलेच. बाकी सगळा डोळा काळा शांत आणि मधे हा एवढासा हिरवा दिवा.

"घरी काही घातलंत का?"

हा प्रश्न डॉक्टर लोक ज्या आवाजात विचारतात ना, त्यात त्यांना उत्तर आधीच माहीत असतं. मी पर्समधून ट्यूब काढली. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, ट्यूब नाकाजवळ नेली आणि मागच्या बारीक अक्षरांवर अंगठ्याचं नख ठेवलं. पहिलं नाव अँटिबायोटिकचं. त्याच्या खाली दुसरं. डेक्सामेथासोन.

"हे वाचलं होतंत?"

नव्हतं वाचलं. वाचलं असतं तरी मला त्या वेळी काही कळलं नसतं, ते सोडा. मी फक्त वरचं मोठं नाव वाचते आणि खाली 'आय ऑइंटमेंट' लिहिलंय ना एवढं बघते. तेवढं तरी बघितलं हे नशीबच म्हणायचं, कारण त्वचेवर लावायची मलमं डोळ्यात घालणारे लोकही आहेत, आणि नाव जवळपास तेच असतं. डोळ्याची मलमं निर्जंतुक करून भरलेली असतात, त्वचेची नाही, शिवाय त्यांचा बेस आणि इतर घटक डोळ्याला झोंबतात.

तर डॉक्टरांनी जे सांगितलं ते असं. बुबुळाच्या पुढची जी पारदर्शक काच, कॉर्निया, ती कुत्र्यात सगळी मिळून साधारण अर्धा मिलिमीटर जाड. वरचा थर पेशींचा, पातळसा, पाण्याला आत येऊ न देणारा. त्याच्या खाली जाड थर आहे तो स्पंजासारखा पाणी पितो. वरचा थर शाबूत असेल तर तो रंग घसरून जातो, सोलवटला असेल तर खालचा थर रंग शोषून घेतो, म्हणून हिरवं. त्याच्याही आत जी पातळ पापुद्र्यासारखी भिंत आहे ती मात्र पुन्हा रंग घेत नाही. म्हणजे जखम खणत खणत अगदी तळाला गेली की भोवती हिरवं कडं आणि मधे काळंभोर स्वच्छ दिसतं, आणि तेव्हा डोळा फुटायच्या बेतात असतो. मला हे ऐकून शहारे आले, कारण मी अशी बाई आहे की मधे हिरवं नाही बघून म्हटलं असतं, चला, भरत आलं.

ठमीची जखम वरवरची राहिली असती. झोपेत तिच्या पापण्या पूर्ण मिटत नाहीत, बाहेर आलेल्या डोळ्यांच्या बसक्या नाकवाल्यांचं ते नेहमीचं, त्यात काहीतरी खुपलं असणार, ओरखडा आला असणार. असे ओरखडे एरवी आठवड्याच्या आत भरतात, कडेच्या पेशी सरकत सरकत येतात आणि उघडी जागा झाकून टाकतात. ट्यूबमधलं ते डेक्सामेथासोन म्हणजे स्टिरॉइड, त्याने ते सरकणंच मंद केलं. वर जखमेत जे एन्झाइम कॉर्नियाचे धागे खातात त्यांना मोकळं रान मिळालं, आणि जंतूंशी लढायला येणारी शरीराची माणसंही थोपवली गेली. लाली कशी उतरली मग? आग लागल्यावर भोंगा वाजतो ना, मी भोंग्याची वायर कापली होती. आग आत चालूच.

मी विचारलं मग मागच्या वेळी हेच कसं लागू पडलं. तर मागच्या वेळी त्यांनी आधी हिरवा रंग घालून बघितला होता, जखम नव्हती, सूज अ‍ॅलर्जीची होती, आणि अशा सुजेला स्टिरॉइड हेच औषध. डोळ्याच्या आतल्या सुजेलाही तेच द्यावं लागतं कधीकधी. म्हणजे मलम गुणी होतं. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला, ते काम मी केलं.

त्या दिवसापासून मला ट्यूबा वाचायचा नाद लागला. एकाच कंपनीच्या दोन पेट्या, रंग तोच, नाव तेच, एकीच्या नावापुढे फक्त एक जास्तीचं अक्षर, आणि त्या अक्षरात सगळं. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, हायड्रोकॉर्टिसोन, ही सगळी स्टिरॉइडं, यातलं काहीही दिसलं की हात थांबवायचा, डोळ्यात रंग घालून तपासल्याशिवाय ते आत जाणार नाही. नुसतं अँटिबायोटिक असेल तरी चालतंय घाला असं नाही, पण निदान त्याने होणारं नुकसान बहुतेक वेळा वेळेचं असतं. आणि वेळ म्हणजे काय ते डोळ्याच्या बाबतीत ऐकून घ्या, सुडोमोनास नावाचे जंतू अशा जखमेत शिरले तर कॉर्निया अक्षरशः जेलीसारखा विरघळतो आणि एक-दोन दिवसांत भोक पडू शकतं.

आणखी एक गोष्ट तेव्हा कळली ती मला जास्त लागली. माणसाला डोळे येतात तसे कुत्र्याला क्वचितच येतात. म्हणजे जंतू असतात, चिपडं असतात, पण ते बहुतेक वेळा नंतर आलेले पाहुणे. मूळ कारण वेगळंच, डोळा कोरडा पडलाय, पापणी आत वळलीय आणि केस बुबुळाला घासतायत, कुसळ अडकलंय, आत दाब वाढलाय. अँटिबायोटिक घातलं की पाहुणे जातात, चार दिवस बरं वाटतं, कारण तिथेच बसलेलं असतं, मग पुन्हा चिपडं, पुन्हा ट्यूब. कोरड्या डोळ्याची कुत्री महिनोन्‌महिने अशी 'इन्फेक्शन' म्हणून मलमं खात राहतात आणि डोळा हळूहळू काळवंडतो. दाब वाढलेला असेल तर महिने कसले, एक-दोन दिवसांत नजर जाऊ शकते, आणि दिसतं काय, तर लाल डोळा. तोच. सगळ्यांचा दाराबाहेरचा बोर्ड एकच.

असो. ठमीला पहिले पाच दिवस मलम नाहीच, नुसते थेंब. मला आश्चर्य वाटलं कारण मलम जास्त वेळ टिकतं हे मलाही माहीत होतं. पण जखम खोल असेल आणि भोक पडायची शक्यता असेल तर मलम नको, त्याचा बेस व्हॅसलीनसारखा तेलकट, तो डोळ्याच्या आत गेला तर तिथे भयंकर सूज येते. अँटिबायोटिकचे थेंब दर चार तासांनी, रात्रीसुद्धा अलार्म लावून. दुसरे थेंब बाहुली मोठी करणारे, अ‍ॅट्रोपीनचे, आतल्या स्नायूचा पेटका सोडवायला, कारण दुखणं तिथलंही असतं. मी विचारलं तुम्ही तपासताना भुलीचे थेंब घातलेत, तेच द्या की घरी, एका थेंबात गप्प बसली होती. तर म्हणे तेच कधी द्यायचे नाहीत, ते पेशींना मारतात, जखम भरूच देत नाहीत. आणि जखम विरघळायला लागली तर तिचंच रक्त काढून त्यातलं सीरम थेंब म्हणून घालू, त्यात ते खाणारे एन्झाइम थोपवायची ताकद असते. हे ऐकून मी चाट. सुदैवाने वेळ आली नाही.

आणि गळ्यात नरसाळं. त्या नरसाळ्याला सगळे नावं ठेवतात, मीही ठेवली, दाराला आपटतं, पाण्याच्या भांड्यात बुडतं, रात्री पलंगाखालून खरखर आवाज. पण एका पंजाच्या फटक्यात पाच दिवसांचं भरलेलं उसवतं म्हटल्यावर मी ते काढायचं नाव घेतलं नाही. 'थोडा वेळ मोकळं राहू दे बिचारीला' म्हणणारे घरात असतात, त्यांच्याकडे काणाडोळा करायचा. आमच्याकडे ती आई होती, जी पहिल्या दिवशी बरोबर होती, त्यामुळे मला बोलताही येईना.

सहाव्या दिवशी हिरवं निम्म्यावर आलं आणि मग रात्रीपुरतं मलम सुरू झालं. नुसतं अँटिबायोटिक, बाकी काही नाही, पेटीवरची अक्षरं मी तिथेच उभी राहून वाचली आणि डॉक्टर हसले.

आता मलम घालणं. मला वाटत होतं मला येतं. पहिल्या त्या दोन दिवसांत मी काय करत होते, ठमीच्या समोर बसायचे, ट्यूब हातात धरून तिच्या डोळ्याकडे न्यायचे, ती मान वळवायची, मी मान धरायचे, ती मागे सरकायची, मी पुढे, शेवटी मलम गालावर, मिशांवर, माझ्या बाहीवर, आणि काही डोळ्यात. एकदा ट्यूबचं टोक पापणीला घासलं ते मी तसंच टोपण लावून ठेवून दिलं. म्हणजे चिपडांतले जंतू ट्यूबमधे, आणि पुढच्या वेळी ट्यूबमधले डोळ्यात. शिवाय ती ट्यूब वर्षभर उघडीच होती. उघडल्यापासून साधारण 4 आठवडे, मग टाकून द्यायची, निम्मी उरली तरी. मला निम्मी उरलेली वस्तू टाकता येत नाही हा माझा जुना रोग आहे, त्याला मलम नाही.

तिथल्या मदतनीस मुलीने दाखवलं ते असं, आणि एकदा बघितल्यावर वाटलं इतकं सोपं होतं होय. समोर नाही बसायचं. मागे बसायचं, कुत्रं आपल्या गुडघ्यांत, त्याची पाठ आपल्या पोटाशी, म्हणजे मागे सरकायला जागा उरत नाही आणि समोरून काहीतरी टोकदार डोळ्यावर येतंय हे त्याला दिसत नाही. आधी हात धुवायचे. मग चिपडं काढायची, उकळून गार केलेलं पाणी किंवा सलाइन, स्वच्छ बोळा, वाळलेलं असेल तर अर्धा मिनिट नुसता ओला बोळा टेकवून ठेवायचा, ओरबाडायचं नाही, एका फटकाऱ्याला एक बोळा. ट्यूब मुठीत मिनिटभर धरली की मलम मऊ होतं, गार घट्ट मलम दाबायला गेलं की एकदम भसकन येतं. डाव्या हाताने हनुवटी वर, नाक छताकडे, अंगठ्याने खालची पापणी जराशी खाली ओढली की आत एक गुलाबी खळगा दिसतो, खिशासारखा. त्या खिशात टाकायचं, बुबुळावर नाही. उजवा हात हवेत नाही ठेवायचा, मनगट तिच्या कपाळावर टेकवायचं, म्हणजे तिने डोकं हलवलं तर हातही बरोबर हलतो आणि टोक डोळ्यात घुसत नाही. ही एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर, जाऊ दे. ट्यूब डोळ्याला आडवी, समांतर, भाल्यासारखी सरळ नाही. साधारण अर्धा सेंटिमीटरची बारीक रेघ, जास्त घातलं तर जास्त गुण येत नाही, ते पापणीबाहेर येतं आणि धूळ गोळा करतं. मग पापणी सोडायची, दोन सेकंद हलकेच मिटून धरायची, आतल्या उबेने ते वितळतं आणि पसरतं.

थेंब आणि मलम दोन्ही असतील तर थेंब आधी, दोन औषधांत पाच-दहा मिनिटं, मलम सगळ्यात शेवटी. उलटं केलं तर तेलावरून पाणी ओघळावं तसा थेंब वाहून जातो. दोन्ही डोळ्यांत घालायचं असेल तर बरा डोळा आधी. घरात दोन प्राणी असतील तर ट्यूबा दोन.

मलमानंतर तिला अर्धा तास सगळं धूसर दिसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पहिल्या रात्री ती माझ्यापासून निघाली आणि थेट खुर्चीच्या पायावर जाऊन आदळली, मला वाटलं गेली नजर. आणि एकदा आतल्या कोपऱ्यातून एक पांढुरका पडदा अर्ध्या डोळ्यावर सरकला तेव्हा तर मी रात्री अकराला फोन केला. ती तिसरी पापणी, कुत्र्यामांजरांना असते, दुखलं की वर येते. डॉक्टर झोपेतून उठून इतकं शांतपणे कसं बोलू शकतात हा मला पडलेला प्रश्न आहे.

चौथ्या रात्रीपर्यंत आमचं जमलं. मी मागे बसले की ती स्वतःच नाक वर करायला लागली. झालं की लगेच बक्षीस, तिचं आवडतं, आणि कानामागे खाजवणं. मी तिला पकडत होते तेव्हा ती सुटायला बघत होती, मी नुसती मागे भिंत होऊन बसले तेव्हा ती टेकून बसली. आईने तेव्हा दारातून बघितलं आणि काही बोलली नाही, पण ती गप्प बसायची दुसरी तऱ्हा होती.

हे सगळं मी ताईला सांगितलं. ताईकडे मांजर आहे, बोका, त्याचा एक डोळा वर्षातून दोनदा पाणावतो आणि शिंका येतात. ताईने ऐकता ऐकता तिचा ड्रॉवर उघडला, फोनवर मला आवाज आला. तिच्याकडची ट्यूब तीन अँटिबायोटिकांची निघाली, निओमायसिन, पॉलिमिक्सिन आणि बॅसिट्रॅसिन. स्टिरॉइड नाही म्हणून ती खूश. पण मांजराची गोष्टच वेगळी निघाली. डोळ्यात अँटिबायोटिक घातल्यावर 4 तासांच्या आत तीव्र अ‍ॅलर्जीचा झटका आलेल्या 61 मांजरांची नोंद 2011 मध्ये एका शोधनिबंधात छापून आलीय, 1993 ते 2010 मधली मांजरं, आणि त्यांतल्या बहुतेक औषधांत पॉलिमिक्सिन होतं. हे फार क्वचित होतं, तरी काही मांजरं गेलीसुद्धा, म्हणून बरेच डॉक्टर मांजराला ते मलम द्यायचं टाळतात, दुसरं असताना धोका कशाला. आणि दुसरं कुठलंही पहिल्यांदा घातलं तरी मलम घालून लगेच घराबाहेर पडायचं नाही. उलटी, धाप, तोंड सुजणं, एकदम लुळं पडणं, यातलं काही दिसलं तर तसंच उचलून पळायचं.

शिवाय ताईच्या बोक्याचा मूळ त्रास जंतूंचा नव्हताच. मांजरांत हर्पिसचा विषाणू असतो, पिल्लू असताना शिरतो आणि मज्जातंतूंमधे दडून बसतो, घरात पाहुणे आले, घर बदललं, नवं मांजर आलं की पुन्हा डोकं वर काढतो. अँटिबायोटिक विषाणूला काही करत नाही, फार तर वरचे जंतू आवरतं. आणि तिथे स्टिरॉइड गेलं की तो विषाणू अजूनच माजतो. क्लॅमिडिया नावाचे जंतू असतील तर टेट्रासायक्लिनच्या जातीतलं औषध चालतं, पण ते ठरवायला कुणीतरी बघायला हवं. बोक्याला धरायची पद्धत तीच, फक्त आधी टॉवेलमधे घट्ट गुंडाळायचा, डोकं तेवढं बाहेर, आणि तोंडाला फेस आला तर घाबरायचं नाही. डोळ्यातून नाकात आणि नाकातून घशात वाट असते, कडू औषध तिथून जिभेवर उतरतं. फेस आणि वर सांगितलेली धाप यातला फरक मात्र ओळखायला हवा.

ताईच्या ऑफिसातल्या एकीकडे ससा आहे, त्याच्या डोळ्यातून दुधासारखं पाणी, तिनेही मलम चालू केलं होतं. सशात दाढांची मुळं वाढून अश्रूंची नळी दाबतात, डोळ्यात कितीही घाला, कारण दातात. वर ससा पंजाने तोंड पुसून पंजा चाटतो, आणि सशांच्या पोटाला काही अँटिबायोटिक इतकी वाईट बाधतात की जीवावर बेतावं. त्यांना तर विचारल्याशिवाय काहीच नाही.

हात धुण्याचं मी वर नुसतं ओझरतं म्हटलं, ते नंतरही धुवायचे. डोळ्याच्या बऱ्याच मलमांत क्लोरॅम्फेनिकॉल असतं, 1947 मध्ये मातीतल्या एका जिवाणूपासून सापडलेलं जुनं औषध, प्राण्यांच्या डोळ्यात छान काम करतं. पण माणसांत फार क्वचित, एखाद्याच्याच नशिबी, त्याने हाडातल्या मगजात रक्त तयार होणंच थांबतं, आणि तो एखादा कोण हे आधी कळत नाही. म्हणून ते घालताना हातमोजे, आणि मुलांना ठमीच्या डोळ्याची पापी घेऊ द्यायची नाही. आमचा भाचा अगदी तेच करायला टपलेला असतो.

दहाव्या दिवशी पुन्हा पट्टी, पुन्हा दिवा बंद. आठवडा उलटून भरत नसेल तर लोक 'जरा स्ट्राँग द्या' म्हणतात, डॉक्टर सांगत होते, आणि प्रश्न बहुतेक वेळा औषधाच्या ताकदीचा नसतो, कुठेतरी केस घासत असतो, किंवा जखमेची कड सुटलेली असते, नवी कातडी येते पण चिकटत नाही. बॉक्सर कुत्र्यांत ते इतकं दिसतं की त्यांचं नावच त्या जखमेला पडलंय. मग ती कड खरवडून काढावी लागते, नुसत्या मलमाने ती महिनोन्‌महिने तशीच राहते. मी हे सगळं अंधारात उभं राहून ऐकत होते आणि त्यांनी निळा टॉर्च लावला.

काहीच पेटलं नाही. डोळा काळा, ओला, शांत. दिवा लावल्यावर बाजूने बघितलं तर एक फिकट धुरकट टिकली राहिलीय, तिने दिसायला अडत नाही म्हणाले, काळाने अजून फिकी होईल. मी घरी येऊन खिडकीपाशी तिचं तोंड वळवलं. चौकटीच्या चार रेघा सरळ. एका कोपऱ्यात जराशी थरथर आहे, माहीत असलं तरच दिसते.

जुनी ट्यूब मी टाकली, टाकताना आधी सगळं पिळून काढलं, उगाच कुणी उचलायला नको. नव्या ट्यूबवर आईने पेनाने उघडल्याची तारीख लिहून ठेवली होती, तिला कुणी सांगितलं नव्हतं. औषध सांगितलं तितके दिवस पूर्ण घातलं आणि उरलेली तीही गेली. ड्रॉवरमधे आता सेल आणि किल्ल्याच आहेत. तरी परवा मला मोजपट्टी हवी होती म्हणून मी तो ओढला, कुरकुरला, खाडकन उघडला, आणि मागे वळून बघते तर ठमी माझ्याकडे पाठ करून बसलेली, नाक छताकडे.